संस्था एकाच माणसाच्या फोनात? या चुका टाळा

३१ मे २०२४. एका छोट्या संस्थेच्या ऑफिसात आम्ही चौघं लॅपटॉपसमोर बसलो होतो. देणगीदारांचा १० बीडी फॉर्म, म्हणजे कोणी किती देणगी दिली त्याचं आयकर खात्याला द्यायचं विवरण, त्याच दिवशी भरायचा होता. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये लेट फी, आणि फॉर्म गेल्याशिवाय देणगीदारांना ८० जीचं, म्हणजे करसवलतीचं, प्रमाणपत्रही नाही. यादी तयार, पावत्या जुळलेल्या. पण आयकर पोर्टलचा पासवर्ड चालेना, आणि नवा घ्यायचा तर ओटीपी जात होता नोकरी सोडून गेलेल्या समन्वयकाच्या बंद नंबरवर. अध्यक्षांची डिजिटल सही मुदतीत होती म्हणून रात्री साडेदहाला सुटलो.

त्या मुलाचा दोष नव्हता. संस्थेत कम्प्युटर येणारा तो एकटा, म्हणून सगळीकडे त्याचाच नंबर पडला. हा प्रश्न मला तंत्राचा वाटत नाही. प्रमुखांनी काम वाटून दिलेलं नसतं, तिथून तो सुरू होतो.

आधी संस्थेसाठी वेगळं सिम घ्या. ते साध्या फोनमध्ये घालून फोन ऑफिसच्या कपाटात ठेवा आणि रिचार्ज संपू देऊ नका. मग एक दुपार काढून यादी करा: आयकर पोर्टल, बँक, दर्पण (संस्थांचं सरकारी नोंदणी पोर्टल), सीएसआर-१ (कंपन्यांचा सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी), परदेशी देणगी घेत असाल तर एफसीआरए (त्यासाठीच्या परवानगीचं पोर्टल), वेबसाइटचं डोमेन, फेसबुक पेज. प्रत्येकापुढे लिहा, नंबर कोणाचा, ईमेल कोणाचा. वैयक्तिक असेल ते बदला. संस्थेच्या नावाचे ईमेल हवेत तर पात्र नोंदणीकृत संस्थांना गुगल त्यांचं वर्कस्पेस मोफत देतं. पासवर्ड बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये ठेवा आणि ते दोघांना उघडता आले पाहिजेत.

कागदावरही हेच होतं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो राहून जातो, परिशिष्ट १ वर, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदणीच्या उताऱ्यावर, जुनीच नावं राहतात आणि बँकेत सह्या बदलायला गेलं की काम अडतं.

दुसरी चूक फिल्डवरच्या माणसाला फार दमवते: एकच माहिती तीनदा भरून घेणं. नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडच्या पाड्यांवर मी पाहिलंय. ताई दिवसभर फिरून रजिस्टर भरतात. रात्री स्वयंपाक उरकून, रेंज येते त्या अंगणाच्या टोकाला उभ्या राहून तीच नावं गुगल फॉर्ममध्ये टाकतात. शनिवारी ऑफिसात तीच पुन्हा एक्सेलमध्ये. कोबोकलेक्ट हे ॲप इंटरनेट नसताना फॉर्म भरून घेतं आणि रेंज आली की पाठवतं. पण ते आणण्याआधी रकाने कमी करा. प्रत्येक रकान्याला विचारा, या आकड्यावरून गेल्या वर्षी आपण काय ठरवलं? उत्तर नसेल आणि फंडरनेही मागितला नसेल, तर तो काढा. ॲप नीट बसलं की रजिस्टर खरोखर बंद करा. दोन्ही चालू ठेवलीत तर ताईंचं काम आणखी वाढेल.

लाभार्थ्यांचे आधार कार्ड किंवा पीडित महिलेचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवणं आजच थांबवा.

रात्री अकराला प्रमुखांचा मेसेज येतो, "सवडीने बघा." कार्यकर्ती सवडीने बघत नाही, उठून लगेच बघते. रात्री सुचलं तर ते स्वतःलाच पाठवून ठेवा आणि सकाळी दहाला पुढे पाठवा. खरी तातडी असेल तर फोन करा, ग्रुप नको.

घरगुती हिंसाचाराच्या केसेस ऐकणाऱ्या ताईंचं ऐकायला बहुतेक संस्थांत कोणीच नसतं. चिडचिड वाढली, केसवर्क लांबणीवर पडू लागलं, की आपण कारणे दाखवा नोटीस काढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, नोंद कामाच्या ठिकाणच्या, न हाताळल्या गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली आहे. तेव्हा आधी कामाकडे बघा: एका ताईकडे केसेस किती, सलग सुट्टी कधी मिळाली. पंधरा दिवसांतून एकदा संस्थेबाहेरच्या समुपदेशकासोबत बैठक ठेवा, आणि तिचं मानधन प्रकल्पाच्या प्रस्तावातच मागा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. ऑफिसात लावून ठेवा.

आणि संस्थाप्रमुखांनो, येत्या दिवाळीनंतर दहा दिवस सलग रजा घ्या, फोन घरी ठेवून. त्या दहा दिवसांत जे जे अडेल ते सहकाऱ्यांना एका वहीत लिहायला सांगा. परत आलात की आधी ती वही उघडा.