जुन्या पॅनोरमातून बॅलरॅट कसे पाहावे

तुमसर तालुक्यातील मँगनीज खाणींच्या परिसरात वाढलेल्या माणसाला खाणीतून उपसलेल्या मातीचा ढिगारा आणि मूळची टेकडी यांतला फरक लांबूनही कळतो. ऑस्ट्रेलियातील बॅलरॅट हे सोन्याच्या खाणींचे शहर जुन्या छायाचित्रांतून पाहताना ही नजर फार उपयोगी पडते. तिथे 1851 मध्ये सोने सापडले आणि 1870 च्या दशकात छायाचित्रकार चार्ल्स बेलिस यांनी टाऊन हॉलच्या मनोऱ्यावरून रसायन लावलेल्या काचांवर एकामागून एक चित्रे घेऊन शहराचे सलग दृश्य टिपले. बर्नहार्ड होल्टरमन या खाणमालकाने त्यांना पैसा पुरवला होता. ही छायाचित्रे आज न्यू साउथ वेल्सच्या राज्य ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत. मोबाइलच्या पडद्यावर बारकावे हरवतात, म्हणून शाळेतल्या संगणकावर सर्वांत मोठी प्रत उघडावी.

सुरुवात दोन काचांच्या सांध्यापासून करावी. ओल्या कोलोडियनच्या (काचेवर पसरायच्या चिकट द्रवाच्या) पद्धतीत रसायन लावलेली काच वाळण्याच्या आत चित्र घेऊन धुवावी लागे, त्यामुळे प्रत्येक काचेमागे काही मिनिटे जात. सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच छप्पर किंवा कुंपण सापडले, तर त्याच्या सावल्या ताडून पाहाव्यात. कोणती काच आधीची, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. इथे आपल्याकडचा माणूस हमखास चुकतो, कारण विदर्भात बहुतेक वर्षभर भर दुपारची सावली उत्तरेकडे पडते, तर बॅलरॅटमध्ये ती नेहमी दक्षिणेकडे पडते. मी स्वतः पहिल्यांदा सगळ्या दिशा उलट्या लावल्या होत्या.

दिशा पक्क्या झाल्या की रस्ते पाहावेत. मनोऱ्याखालचा स्टर्ट स्ट्रीट रुंद आणि सरळ आहे, कारण पश्चिमेकडचा भाग मोजणी करून चौकटीत आखला होता. पूर्वेकडचा मेन रोड मात्र वळणे घेत जातो, कारण तिथे आधी खाणकरी आले, त्यांच्या पायवाटा पडल्या आणि त्यांचाच पुढे रस्ता झाला. माझ्या मते संपूर्ण चित्रातला हाच भाग सर्वांत बोलका आहे, म्हणून त्याला निवांत वेळ द्यावा.

मग धुराड्यांचा आणि उंच लाकडी सांगाड्यांचा शोध घ्यावा. असा सांगाडा खाणीच्या तोंडावर उभा असे. त्यावरच्या चाकावरून दोर खाली जाई आणि वाफेचे इंजिन माल वर ओढी. बॅलरॅटमध्ये बेसॉल्ट खडकाखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन नद्यांच्या वाळूगोट्यांत सोने होते, त्यामुळे विहिरीसारखे खोल उभे बोगदे खणावे लागले. शेजारचा ढिगारा त्याच बोगद्यांतून निघालेला असतो.

शेवटी माणसे पाहावीत. चालणारा माणूस किंवा धावणारी घोडागाडी पुसट डाग होऊन उरते, कधी उमटतही नाही, म्हणून रिकाम्या दिसणाऱ्या रस्त्याला ओसाड समजू नये. जी आकृती स्पष्ट दिसते, ती काच उघडी असेपर्यंत स्थिर उभी होती. तिची जागा कागदावर स्वतः काढलेल्या नकाशात नोंदवून ठेवावी.