जुनं काम अर्धवट असताना नवी घटना आली तर? एकमेकांवर चढणाऱ्या स्ट्रीम्स कशा हाताळाव्यात

सर्च बॉक्समध्ये कोणी ‘घड’ टाइप केलं आणि एक रिक्वेस्ट गेली. लगेच ‘घड्याळ’ पूर्ण झालं, दुसरी गेली. दुसरीचं उत्तर २०० मिलिसेकंदांत आलं, पहिलीचं ९०० मध्ये. आता बॉक्समध्ये ‘घड्याळ’ आहे आणि खाली निकाल मात्र ‘घड’चे. एरर नाही, लॉगमध्येही काही नाही. रिक्वेस्ट ज्या क्रमाने गेल्या त्याच क्रमाने उत्तरं येतील असं आपण धरून चाललो होतो. नेटवर्क तशी हमी देत नाही.

खालची नावं आरएक्सजेएसमधली आहेत; ती जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रीम्स, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या घटनांचे प्रवाह, हाताळण्याची लायब्ररी आहे. इतर लायब्ररींत नावं थोडी बदलतात, विचार तोच राहतो.

पायरी १: सबस्क्राइबच्या (स्ट्रीम ऐकायला सुरुवात करणाऱ्या कॉलच्या) आतलं सबस्क्राइब काढा. असा कोड दिसला की आधी तिथे थांबा. बाहेरच्या स्ट्रीमला आतल्या कामाची खबर नसते, त्यामुळे ते थांबवणं किंवा रांगेत लावणं कोणाच्याच हातात राहत नाही. आतलं काम एखाद्या मॅप-ऑपरेटरकडे, म्हणजे प्रत्येक घटनेसाठी आतलं काम सुरू करून ते सांभाळणाऱ्या फंक्शनकडे सोपवा.

पायरी २: ऑपरेटर निवडण्याआधी एक प्रश्न विचारा. आतलं काम चालू असताना नवी घटना आली, तर जुन्याचं काय करायचं? जुनं आता निरुपयोगी असेल तर स्विचमॅप, तो जुनं सोडून नवं धरतो. सर्च आणि फिल्टर इथे येतात. क्रम महत्त्वाचा असेल आणि एकही घटना गळायला नको असेल तर कॉनकॅटमॅप, तो कामं रांगेत लावतो. कामं एकमेकांवर अवलंबून नसतील तर मर्जमॅप, तो ती एकदम चालवतो. आणि चालू काम संपेपर्यंत नवीन घटना सोडून द्यायच्या असतील, जसं लॉगिनचं बटण कोणी भराभर दाबलं, तर एक्झॉस्टमॅप.

सर्चला डिबाउन्सटाइम ३०० मिलिसेकंदांचा लावला, म्हणजे टाइपिंग तेवढा वेळ थांबल्यावरच रिक्वेस्ट पाठवली, की प्रश्न मिटला, असं पुष्कळांना वाटतं. त्याने रिक्वेस्ट कमी होतात, पण ९०० मिलिसेकंद रेंगाळणाऱ्या रिक्वेस्टचं उत्तर तरीही पुढचीच्या उत्तरानंतर येऊ शकतं. डिबाउन्स ठेवाच, मात्र त्याच्यानंतर स्विचमॅप हवा.

पायरी ३: डेटा बदलणाऱ्या कामांना स्विचमॅप लावू नका. मला सर्वांत जास्त काळजी याच चुकीची वाटते, कारण सर्चमध्ये स्विचमॅप इतका छान चालतो की हात आपोआप त्याच्याकडे जातो. समजा, यादीतल्या तीन ओळी कोणी भराभर डिलीट केल्या. स्विचमॅप पहिल्या दोन कामांवरून अनसबस्क्राइब करतो, म्हणजे आपण ऐकणं थांबवतो. तोवर रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचली असेल तर ओळ तिथून गेलेली असते आणि पडद्यावर मात्र दिसत राहते. पोचली नसेल तर ओळ दोन्हीकडे शिल्लक. यांपैकी काय घडलं ते आपल्या कोडला कळतच नाही. आत प्रॉमिस (जावास्क्रिप्टमधलं, पुढे येणाऱ्या उत्तराचं ऑब्जेक्ट) असेल तर रिक्वेस्ट रद्दसुद्धा होत नाही, फक्त तिचं उत्तर टाकून दिलं जातं.

इथे कॉनकॅटमॅप घ्या, पण त्याची रांग सांभाळा. तिला मर्यादा नाही: घटना कामापेक्षा वेगाने आल्या तर मेमरी वाढत जाते, आणि एक काम कायमचं अडकलं तर मागची सगळी अडकतात. म्हणून आतल्या कामाला टाइमआउट द्या. एकाच नोंदीचे बदल क्रमाने आणि वेगवेगळ्या नोंदी समांतर जायला हव्या असतील, तर नोंदीच्या आयडीवर ग्रुपबाय करून घटनांचे गट पाडा, गट मर्जमॅपने जोडा आणि प्रत्येक गटाच्या आत कॉनकॅटमॅप ठेवा. ही रचना मला फार आवडते. लिहायला चार ओळी जास्त लागतात, पण एक मंद नोंद बाकीच्यांना अडवत नाही.

पायरी ४: मर्जमॅपला आकडा द्या. आरएक्सजेएसमध्ये एकाच वेळी किती कामं चालावीत यावर मूळ मर्यादाच नाही. ५०० फाइल्स दिल्या तर ५०० अपलोड एकदम सुरू होतील. मर्यादा ४ दिली की चारच चालतात, बाकीची थांबतात. १ दिली की तोच कॉनकॅटमॅप. मर्जमॅपसारखंच काम करणाऱ्या, जावाच्या प्रोजेक्ट रिअॅक्टर लायब्ररीतल्या फ्लॅटमॅपमध्ये हा मूळ आकडा २५६ आहे, कोटलिन भाषेतल्या फ्लोच्या फ्लॅटमॅपमर्जमध्ये १६.

पायरी ५: कॅचएरर, म्हणजे एरर पकडणारा ऑपरेटर, आत लावा. बाहेरच्या साखळीला लावला, तर पहिल्याच फसलेल्या रिक्वेस्टनंतर मूळ स्ट्रीम संपते. मग वापरकर्ता टाइप करत राहतो आणि काहीच होत नाही. आतल्या ऑब्झर्व्हेबललाच (आतल्या कामाच्या स्ट्रीमलाच) लावला तर फक्त तेवढी रिक्वेस्ट पडते.

पायरी ६: रेस, म्हणजे उत्तरांच्या क्रमाची ही उलटापालट, मुद्दाम घडवा. आपल्या मशीनवर उत्तरं इतकी झटपट येतात की ही चूक डोळ्यांसमोर येत नाही. टेस्टमध्ये वेळ हवी तशी चालवणारा टेस्टशेड्युलर वापरून पहिलं उत्तर दुसऱ्यापेक्षा उशिरा द्या आणि शेवटी कोणतं दिसतं ते तपासा. मग दुसरी टेस्ट लिहा: पहिली रिक्वेस्ट फसवा, आणि त्यानंतरच्या घटनेला उत्तर मिळतंय का ते बघा.