जुनी काडतुसं संपवताना या चुका टाळा

दर वर्षी मृगाच्या आधी घरोघरी माळे साफ व्हायला लागले की मला फोन येतात. बारा बोअरची दुनळी बंदूक शेतीसंरक्षणासाठी तीस वर्षांहून जास्त काळ माझ्या नावावर आहे. वाडीतल्या परवानेवाल्यांचे नूतनीकरणाचे अर्जही मीच भरून देतो. म्हणून हे फोन माझ्याकडेच. "आज्याच्या पेटयेत काडतुसां गावली, काय करू तेंचा?" असं आधी विचारतो तो माणूस शहाणा. आधी काहीतरी करून बसणारे आणि मग फोन करणारे जास्त.

यातल्या बहुतेकांचा समज एकच असतो: काडतूस जुनं झालं, सादळलं, हिरवं पडलं म्हणजे ते मेलं. तसं नसतं. बुडाच्या मधोमध जी छोटी कॅप असते तिच्यातला मसाला आणि नळीतली दारू कधी पूर्ण पेटेल, कधी अर्धवट, कधी उशिरा, हे बाहेरून बघून कुणालाही सांगता येत नाही. नव्या काडतुसाचा निदान भरवसा असतो. जुन्याचा तोही नसतो.

चुलीत टाकणं

ही चूक मी तीनदा पाहिली आहे. त्यातली एक तर अगदी जवळून.

शेजारच्या वाडीत एका घरी म्हातारे वारले. बाराव्या-तेराव्याची गडबड संपल्यावर मुलांनी माळा काढला. डालड्याच्या जुन्या डब्यात वीस काडतुसं निघाली. लालसर कागदी नळ्या, पितळी बुडावर 'एली-कायनॉक' अशी जुन्या विलायती कंपनीची अक्षरं, म्हणजे ती कधीच्या काळची असतील याचा विचार करा. तीन नळ्या दमटपणाने फुगून फुटल्या होत्या. धाकट्याने ठरवलं की ही तीन तर गेलेलीच आहेत, आणि न्हाणीच्या चुलीत टाकली. वर पाण्याचा बंब, खाली नारळाच्या सोडणाचा जाळ. दोन मिनिटं काही झालं नाही. मोठी सून पाणी काढायला गेली आणि पाठोपाठ दोन आवाज झाले.

मी पोहोचलो तेव्हा तिच्या नडगीला घट्ट फडकं बांधलेलं होतं. तालुक्याला नेऊन चार टाके पडले. संध्याकाळी मी ती चूल बघितली. छरे, म्हणजे काडतुसातल्या शिशाच्या बारीक गोळ्या, बहुतेक सगळे राखेतच पडले होते, काही वितळून एकमेकांना चिकटलेले. उडालं होतं ते पितळ. अंगठ्याच्या नखाएवढा एक तुकडा न्हाणीच्या दाराच्या चौकटीत रुतला होता, तो मी पक्कडीने ओढून काढला. बंदुकीत काडतुसाला सगळ्या बाजूंनी पोलादाचा आधार असतो, म्हणून जोर छऱ्यांच्या मागे लागतो. उघड्यावर तो आधार नाही. मग जे हलकं असतं ते सुटतं: कॅप, बुडाचा पत्रा, नळीच्या चिंध्या. हे ज्यांना माहीत नाही ते म्हणतात, "नळी नाय तर बार कसो सुटतलो?" बार सुटत नाही, पण डोळा जातो.

राखेत मला दोनच बुडांचा हिशोब लागला. तिसरं काडतूस दुसऱ्या दिवशी सकाळी निघालं, एका बाजूने करपलेलं, पण अख्खं. ते तसंच चुलीत राहिलं असतं आणि सकाळी पुन्हा जाळ घातला असता तर काय, हे मी त्या घरात सगळ्यांना बसवून सांगितलं. त्या करपलेल्या काडतुसाला आम्ही हात लावला नाही. न्हाणीला कुलूप घातलं आणि पोलिसांना कळवलं.

पाण्यात, तेलात, डिझेलमध्ये बुडवून ठेवणं

"बादलीत आठवडाभर भिजत घातली की निकामी." हा सल्ला कोण देतं मला माहीत नाही, पण दर वर्षी ऐकतो. प्लॅस्टिकच्या नळीचं तोंड आणि कॅपची कड चांगली बसलेली असेल तर आत पाणी शिरायला काहीच घाई नसते. तेलाचंही तेच, एकात मुरेल, शेजारच्यात मुरणार नाही. भिजवलेल्या दहातलं कुठलं मेलं आणि कुठलं जिवंत, हे कळायला मार्ग नाही. मग उपयोग काय?

उलटी चूकही बघितली. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला, त्यानंतर ओळखीच्या एका घरातून फोन आला की चिखलात सापडलेली काडतुसं धुऊन पत्र्यावर उन्हात वाळत घातली आहेत, वाळली की चालतील ना? मी म्हटलं, आधी सावलीत घ्या, आणि ती वापरायचीही नाहीत आणि मेली असंही समजायचं नाही. पुरात राहिलेलं काडतूस माझ्या लेखी खराबच, मग ते वरून कितीही चकचकीत दिसो.

पुरणं, विहिरीत टाकणं

करू नका. विहीर उपसायला उतरलेल्या गड्याच्या घमेल्यात ती पुन्हा वर येतात, शेतात पुरलेली नांगराच्या फाळाला लागतात, आणि शिसं मातीत आणि पाण्यात जातं ते वेगळंच.

भंगारात किंवा कचऱ्यात देणं

पितळ आहे म्हणून भंगारवाला घेतो आणि हातोडीने बूड वेगळं करायला बसतो. त्याच्या पोराबाळांचा विचार करा.

"उडवून संपवू"

यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण हे करणारे परवानाधारक असतात, ज्यांना कळायला हवं ते. नवीन डबा आणला की जुन्यातली शिल्लक आधी संपवावी असं त्यांना वाटतं. तांदूळ जुना आधी खावा, काडतुसाला तो नियम लावू नये.

जुनं काडतूस बंदुकीत तीन तऱ्हेने दगा देतं. पहिली तऱ्हा, घोडा पडतो, टक् असा आवाज, पुढे शांतता. ही शांतता फसवी असते. आत ठिणगी धुमसत असू शकते आणि बार क्षणभराने सुटू शकतो. नवशिका काय करतो? लगेच बंदूक मोडतो, म्हणजे बिजागरीतून उघडतो, आणि तोंड खाली नेऊन बघतो. मी नळी होती त्याच दिशेला धरून मनात साठपर्यंत मोजतो, सावकाश. मग तोंड बाजूला ठेवून उघडतो. कॅपवर खड्डा पडलेलं ते काडतूस पुन्हा घालून बघायचं नाही. मी ते वेगळ्या डब्यात टाकतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे फुसका बार. यात आवाज होतो पण दबका, धक्का बसत नाही. दारू अर्धवट जळते, आणि दारू आणि छऱ्यांच्या मधलं बूच, ज्याला वॅड म्हणतात, ते बंदुकीच्या नळीतच अडकून बसतं. कधी थोडे छरेही.

पाचेक वर्षांपूर्वी भाताच्या कापणीच्या दिवसांत आमच्या वाडीतला एक तरुण, नुकताच परवाना मिळालेला, काजूच्या बागेच्या कडेला बांधावर उभा राहून वडिलांची जुनी काडतुसं एकेक उडवत होता. मी शंभर पावलांवर गवत कापत होतो. चौथा बार ऐकला आणि हातातला विळा टाकून धावलो. आवाज ओल्या फटाक्यासारखा होता. तो तोवर बंदूक मोडून पाचवं भरत होता. "रे थांब! भरू नको! काढ ता भायर!" मी ओरडलो. त्याला वाटलं मागून डुक्कर आलं.

काडतूस काढायला लावलं, नळी आभाळाकडे धरून मागून बघितली. उजेड दिसायला हवा तिथे काळोख. घरी आणून गज घातला तर नळीच्या मधोमध अडला. टोकाकडून हळूहळू लोटत बूच मागे काढलं, फेल्टचं होतं, फुगून घट्ट झालेलं, आणि त्याच्या मागे न जळलेल्या दारूचे करडे पापुद्रे. पाचवं काडतूस त्या बुचावर सुटलं असतं तर नळी तिथेच फाटली असती, आणि नळीच्या त्या भागाखाली त्याचा डावा हात होता. मी ते बूच त्याच्या तळहातावर ठेवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. आज वाडीत सगळ्यात सावकाश बंदूक भरणारा तोच आहे.

तिसरी तऱ्हा कागदी काडतुसाची. बार नीट सुटतो, पण काडतुसाची जीर्ण नळी पितळी बुडापासून तुटते. बूड बाहेर येतं, कागदी नळी बंदुकीच्या आतच राहते. म्हणून माझी सवय अशी की बार कसाही झाला तरी दुसरं भरण्याआधी बंदुकीच्या नळीतून उजेड बघायचा. वेळ लागतो. लागू दे. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने बंदूक घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि लग्नात, वरातीत, दिवाळीत हवेत उडवून संपवणारे: २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. वर गेलेले छरे खाली येतात हे तर त्याहून आधी समजायला हवं.

फुगलेलं काडतूस ठोकून बसवणं

बसत नाही म्हणजे ते नको म्हणतंय. तळहाताने दाबणं, लाकडाने ठोकणं, कानशीने घासणं यातलं काहीही नाही.

डब्यात सरमिसळ

जुन्या डब्यात बारा बोअरबरोबर वीस बोअरची निघतात, कारण आजोबांकडे कधीतरी दुसरी बंदूक असते. वीस बोअरचं काडतूस बारीक असतं. बारा बोअरच्या नळीत घातलं तर ते पुढे घसरून अडकतं, मागून नळी रिकामी वाटते आणि त्याच्यामागे बाराचं काडतूस अगदी सहज बसतं. पुढचं सांगायला नको. हल्लीची वीस बोअरची काडतुसं बहुधा पिवळी असतात ती याच कारणाने, पण जुन्या कागदी काडतुसांच्या रंगावर विसंबू नका. बुडावरचा आकडा वाचा. वाचता येत नसेल तर ते खराबात.

उघडून शिसं काढणं

किनाऱ्याकडच्या लोकांची ही खास चूक. पागाच्या, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याला शिसं लागतं, छरे फुकट मिळतात, म्हणून सुरीने नळी कापून उघडतात. काढलेली दारू मग पोरं काडी लावून बघतात, आणि कॅप तशीच जिवंत असलेलं बूड अंगणात पडून राहतं. हे घरी बसून करायचं काम नाही. जुने छरे हाताळलेच असतील तर जेवायच्या आधी हात साबणाने धुवा, शिसं पोटात जातं.

आठवण म्हणून ठेवणं

शोकेसमध्ये, देवघराच्या फडताळात, किल्लीच्या जुडग्याला. मुंबईला परत जाताना बॅगेच्या कप्प्यात राहिलेलं एक काडतूस विमानतळावर सापडलं की सुट्टी पोलीस ठाण्यात संपते.

परवाना माणसाचा असतो, घराचा नव्हे

म्हातारे गेले की लोक बंदूक जमा करतात आणि काडतुसं विसरतात. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक ठाण्यात ठेवायला नेतात तेव्हाही तेच. शस्त्र कायदा, १९५९ यात काडतूसही परवान्याखालीच येतं. ज्याच्या नावे परवाना होता तो गेला, किंवा परवान्याची मुदत संपली, की कलम २१ प्रमाणे शस्त्र आणि दारूगोळा विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचा असतो. बिनपरवाना काडतूस जवळ ठेवणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, मग ते पन्नास वर्षं जुनं का असेना. "कुणाला कळतंय" म्हणून शेजाऱ्याच्या डब्यात घालू नका. त्याचा हिशोब त्याच्या परवान्यावर आहे, तुम्ही त्याला अडचणीत आणता.

मी काय करतो

डबा सापडला की आधी पोरांना बाहेर काढतो आणि चुलीपासून, इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून लांब जागा बघतो. काडतुसं नुसती जुनी असतील, नळी सरळ, कॅप शाबूत, तर जुन्या धोतराचं पांढरं फडकं अंथरून एकेक उचलून ठेवतो. टाकत नाही, ओतत तर नाहीच. मोजतो, बोअर लिहितो, कागदी की प्लॅस्टिक ते लिहितो. पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्रत्येकाच्या कॅपला दुसरं काही टेकणार नाही अशी ठेवतो. मग ठाण्यात फोन करून एवढंच सांगतो: किती, कसली, कुणाच्या नावची. आणा म्हणाले तर परवाना किंवा मृत्यूचा दाखला घेऊन जातो. बंदूक सोबत नेत नाही. विक्रेत्याकडे द्यायची तर तोही आधी फोनवर विचारूनच, कारण प्रत्येक विक्रेता जुना माल घेत नाही.

फुटलेली, हिरव्या कळंकाने कॅप खाल्लेली, आगीतून निघालेली असतील तर ती हलवतच नाही. खोली बंद करतो आणि ११२ ला फोन. बॉम्ब शोधक व नाशक पथक कशाला, असं लोक लाजतात. ते त्यांचं काम आहे आणि त्यांना साधनं असतात. त्या चुलीवाल्या घरात करपलेलं काडतूस पथकाच्या माणसांनीच उचललं. ते येईपर्यंत दीड दिवस त्या कुटुंबाने शेजारी अंघोळी केल्या.

जमा केल्यावर पोच घेतल्याशिवाय उठत नाही. तारीख, नग, बोअर, सही, शिक्का. त्या घरची डब्यात उरलेली सतरा ठाण्यात दिली, तेव्हा पोचपावतीवर घाईत 'सात' लिहिलं गेलं होतं. तिथेच दुरुस्त करून घेतलं, नाहीतर दहा काडतुसं कुठे गेली याचं उत्तर पुढे त्या मुलांना द्यावं लागलं असतं.

आणि स्वतःची जुनी होऊ नयेत म्हणून: नव्या खोक्यावर आणल्याचा महिना आणि वर्ष मार्करने लिहितो. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं ठेवत नाही, कोकणातल्या दमट हवेत चामड्यात पितळ लवकर हिरवं पडतं. घट्ट झाकणाचा डबा, तेलाचा हात लावायचा नाही, बंदुकीपासून वेगळ्या कुलपात. गणपतीनंतर आणि होळीला असा वर्षातून दोनदा डबा उघडून बघतो. ज्याच्याबद्दल मन खाईल ते काडतूस त्याच दिवशी खराबाच्या डब्यात.