झटका मशीनच्या कुंपणात करंट आहे का, हे घरबसल्या कसं कळेल

रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी सौर कुंपण घातलं की झटका मशीनवरचा लुकलुकणारा दिवा पाहून माणूस निश्चिंत होतो. पण तो दिवा फक्त मशीन चालू असल्याचं सांगतो. पलीकडच्या धुऱ्यावर तार तुटली, तरी तो लुकलुकतच राहतो. म्हणून मोजायचं ते तारेच्या शेवटच्या टोकाला.

तार शेताभोवती पूर्ण गोल जोडलेली असेल, तर ती एका जागी तुटल्यावर दोन्ही बाजूंनी करंट येत राहतो आणि काहीच कळत नाही. वळसा घालून ती मशीनजवळ परत येते तिथला जोड सोडा आणि मध्ये इन्सुलेटर टाका. लहान शेतात याच ठिकाणी पहिली तार दुसरीला, दुसरी तिसरीला अशा एकामागून एक जोडा आणि तळाची तार शेवटी ठेवा. मग कुठलीही तार तुटली की शेवटच्या टोकाला झटका पोहोचत नाही. तुटीपुढच्या सगळ्या तारा मेल्या, हा यातला तोटा. पण तो लगेच कळतो.

मशीन साधारण सेकंदाला एक झटका सोडतं. तो काही हजार व्होल्टचा, पण मिलिसेकंदापेक्षाही लहान असू शकतो. साधा मल्टीमीटर तारेला लावू नका: आकडा खोटा येईल आणि मीटर जळू शकेल. व्होल्टेज आधी उतरवून घ्यायचं. त्यासाठी पाव वॅटचे २७० किलोओहमचे ४० रेझिस्टर एका ओळीत डाखा. असा एक रेझिस्टर साधारण २५० व्होल्टच सोसतो, म्हणून १० हजार व्होल्टला ४० लागतात. एकच १० मेगओहमचा लावला तर त्यावरून ठिणगी उडते. ही अर्धा मीटरभर माळ विजेच्या पीव्हीसी पाइपात सरळ ठेवा, दुमडू नका, आणि पाइप इपॉक्सीने भरा. पाइपात ओल शिरली की आकडे बिघडतात.

माळेचं एक टोक तारेच्या शेवटच्या टोकाला. दुसरं टोक २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून जमिनीतल्या स्वतंत्र अर्थिंग सळईला. ही सळई मशीनच्या आणि घरच्या अर्थिंगपासून निदान १० मीटर लांब हवी. आता तारेत ७ हजार व्होल्ट असतील तर २.२ किलोओहमवर सुमारे १.४ व्होल्ट मिळतात. त्याला समांतर ५.१ व्होल्टचा झेनर (जास्तीचं व्होल्टेज कापणारा डायोड), पुढे एक शॉट्की डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा), मग १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १ मेगओहम. तिथून १० किलोओहममधून ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या अॅनालॉग पिनला. कपॅसिटर झटक्याचं शिखर काही मिलिसेकंद धरून ठेवतो, नाहीतर ते हातातून निसटतं. मशीन चालू असूनही आकडा शून्य आला, तर तुमच्या मशीनचा झटका उलट्या ध्रुवाचा असेल; २.२ किलोओहमच्या दोन टोकांवरून बोर्डाकडे जाणाऱ्या तारा अदलाबदल करा. हे चालतं, कारण बोर्डाची बॅटरी वेगळी आहे. मशीनच्या बॅटरीवरून बोर्ड चालवू नका. जोडणी करताना मशीन बंदच ठेवा.

दर १० मिनिटांनी ५ सेकंद, दर मिलिसेकंदाला वाचन घ्या. सर्वांत मोठा आकडा आणि झटक्यांची संख्या नोंदवा. कुंपणासाठी मिळणाऱ्या, हातात धरायच्या व्होल्टमीटरशी ताडून बोर्डाच्या आकड्याला कितीने गुणायचं ते ठरवा. झटके शून्य म्हणजे मशीन बंद किंवा तार तुटली. झटके येतात पण आकडा ४ हजारांखाली, म्हणजे गळती: गवत, वेल किंवा तडकलेला इन्सुलेटर. सलग तीन वाचनं खराब आली तरच कळवा. रात्री एसएमएस कोणी पाहत नाही, त्यामुळे बोर्डाने फोन लावावा.

सिमसाठी ए७६७०सी हे फोरजी मॉड्यूल घ्या. सिम८००एल स्वस्त आहे, पण टूजीवर चालतं आणि जिओचं सिम त्यात चालतच नाही. दोन्ही प्रकारची मॉड्यूल्स क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतात. बारीक वायर असली की बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मॉड्यूलच्या अगदी जवळ लावा. टॉवरची रेंज नसेल तर लोरा (लांब पल्ल्याचा, कमी वीज खाणारा रेडिओ) वापरा, आपल्याकडे परवाना न लागणाऱ्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्ट्यातला.

सगळ्यांत महत्त्वाचं: निरोप आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं कधीच धरू नका. सिमचा रिचार्ज संपतो, बॅटरी बसते, पाइपात मुंग्या घर करतात. रोज संध्याकाळी ७ वाजता "चालू, ६.८" (म्हणजे ६.८ हजार व्होल्ट) असा निरोप यायलाच हवा. सव्वासातपर्यंत नाही आला, तर टॉर्च घेऊन शेतावर जा.

एक गोष्ट हे यंत्र सांगणार नाही. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडून मशीनची अर्थिंग कमकुवत झाली, तरी तारेवरचा आकडा चांगलाच दिसतो, आणि जनावराला मात्र झटका लागत नाही. एप्रिलमध्ये हे हाताने तपासा. मशीन बंद करून त्यापासून १०० मीटरवर लोखंडी सळया जमिनीत रोवून तारेला टेकवा. मशीन चालू केल्यावर तारेवरचं व्होल्टेज २ हजारांखाली यायला हवं. नाही आलं तर सळया वाढवा. मग मशीनची अर्थिंग सळई आणि शक्य तितक्या लांब रोवलेली एक छोटी सळई यांच्यामध्ये कुंपणाचा व्होल्टमीटर लावा. ३०० व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर तीन-तीन मीटरवर आणखी अर्थिंग सळया ठोका आणि सळयांभोवती पाणी घाला.

घरातली २३० व्होल्टची लाइन थेट कुंपणात सोडलेली असेल, तर यातलं काहीही तिला जोडू नका. ती लाइन माणसं मारते, वाघही मारते, आणि तो गुन्हा आहे. आधी ती काढा.