माझ्या नावाचे बनावट खाते मी कसे बंद करवले

माझेच नाव आणि छायाचित्र लावलेल्या, समाजमाध्यमावरील एका खात्यावरून ओळखीच्यांना ‘अडचणीत आहे, लगेच पैसे पाठव’ असे संदेश जाऊ लागले, तेव्हा वहिनींना ते ‘पाठव’ खटकले, कारण मी त्यांना कधीच एकेरीत बोलत नाही, आणि त्यांनी थेट मला फोन केला. नाव क्षणात बदलता येते, म्हणून मी आधी खात्याचा दुवा आणि संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवले. मग त्या खात्याच्या तीन टिंबांच्या मेनूतून तोतयेगिरीची तक्रार केली व इतरांनाही करायला लावली. भामटा माझ्या उघड्या मित्रयादीतूनच माणसे हेरत होता, हे ध्यानात येताच ती यादी लपवली. खाते २ दिवसांनी बंद झाले. पैसे पाठवून बसलेल्या काकांचे दुःख मात्र अजून सलते.