जेलमधल्या माणसाला पत्र लिहायचंय? आधी स्वतःच्या पत्त्याचं बघा

मी न्यू जर्सीत राहते आणि गेली सहा वर्षं इथल्या एका स्टेट जेलमधल्या कैद्याला पत्र लिहिते, महिन्याला एक, कधी दोन. हे कळलं की आपल्या लोकांच्या दोनच रिअ‍ॅक्शन येतात, एक तर "वेड लागलंय का, घरात लहान मुलं आहेत" नाहीतर हळूच "मलापण लिहायचंय गं, कसं सुरू करू". हे दुसऱ्या प्रकारच्यांसाठी लिहितेय. लिहा, खरंच लिहा. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावाने एक पाकीट येत नाही अशी माणसं आत आहेत. पण पहिलं पत्र पोस्टात टाकायच्या आधी एक संध्याकाळ बसून काही गोष्टी ठरवून घ्या, कारण पत्ता एकदा दिला की परत घेता येत नाही.

माझी चूक सांगते. इथे चॅरिटीवाले डोनेशन मागताना पत्त्याचे छापील स्टिकर फुकट पाठवतात, आमच्याकडे ड्रॉवरभर पडलेत. पहिल्या पाकिटावर मी सवयीने तोच चिकटवला, नवऱ्याचं नाव, माझं नाव, आडनाव, घर नंबर सगळं. पत्र परत आलं, तिथे पाकिटावर स्टिकर चालत नाहीत म्हणून, आणि मी शहाणी व्हायच्या ऐवजी तोच पत्ता पेनाने लिहून पुन्हा पाठवलं! चार महिन्यांनी त्याच जेलमधून दोन अनोळखी माणसांची पत्रं घरी आली, एकाने फोटो मागितला होता, दुसऱ्याने पैसे. माझ्या पत्रमित्राने पत्ता दिला नव्हता, त्याच्या बंकवर पडलेलं पाकीट कुणीतरी बघितलं असं तो म्हणाला आणि मला ते पटलं. आत कुलूप लावून ठेवण्यासारखी जागा फार नसते. वाईट काही झालं नाही, पण पुढचे कितीतरी दिवस मेलबॉक्स उघडताना पोटात गोळा यायचा.

तर पहिलं काम पीओ बॉक्स, म्हणजे पोस्टातली भाड्याची पेटी. पाकिटावर रिटर्न अ‍ॅड्रेस बहुतेक जेलना लागतोच, नसेल तर पत्र आत जातच नाही, त्यामुळे तो टाळायचा विचार करू नका, वेगळा द्या. पोस्टात दोन आयडी दाखवून बॉक्स मिळतो. शक्यतो घराजवळच्या पोस्टात घेऊ नका, ऑफिसच्या वाटेवर किंवा शेजारच्या गावात घ्या, म्हणजे गावाचं नावसुद्धा जात नाही. काही ठिकाणी पीओ बॉक्स चालत नाही, तिथे यूपीएस स्टोअरसारख्या दुकानात प्रायव्हेट मेलबॉक्स मिळतो, त्याला रस्त्याचा पत्ता असतो. नियम त्या त्या जेलच्या साइटवर असतात, ते वाचायचेच.

आता नाव, आणि इथे आपल्या लोकांना जास्त जपायला लागतं. स्मिथ नावाची बाई ओहायोत हजारांत लपून जाते. आपलं आडनाव एखाद्या छोट्या अमेरिकन गावात एकाच घराचं असतं. नाव आणि गाव टाकून सर्च केलं की व्हाइटपेजेस आणि स्पोकिओ या माणसं शोधायच्या साइट, लिंक्डइन, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचे फोटो, पोराच्या स्पेलिंग बीचा निकाल, सगळं पाच मिनिटांत समोर. घर घेतलं असेल तर काउंटीच्या रेकॉर्डमध्ये मालकाचं नाव असतं आणि ते बहुतेक ठिकाणी कुणालाही बघता येतं. कैद्याकडे इंटरनेट नसलं तरी बाहेर त्याची बहीण आहे, मित्र आहे. म्हणून आधी स्वतःला सर्च करा, जे दिसेल त्यातून ऑप्ट-आउट करा, म्हणजे माझी माहिती काढा असं त्या साइटला कळवा (कंटाळवाणं काम आहे, एक रविवार जातो), फेसबुकची फ्रेंडलिस्ट बंद करा, मुलांचे फोटो लॉक करा. जेल आणि पत्रमैत्री जुळवणारी संस्था चालवून घेत असतील तर फक्त पहिलं नाव आणि आडनावाचं अक्षर वापरा. खोटं नाव मात्र मी सुचवणार नाही, पुढे मेसेजिंगचं अकाउंट किंवा व्हिजिट म्हटलं की खरं आयडी लागतं आणि मग सहा महिन्यांची मैत्री खोटेपणावर उभी होती हे त्याला कळतं. ब्रिटनमध्ये असाल तर प्रिझनर्स पेनफ्रेंड्स ही संस्था पत्रं स्वतःच्या ऑफिसमार्फत पोचवते, तुमचा पत्ता कैद्याला कळतच नाही. नवीन माणसाला याहून चांगली सोय नाही.

ज्याला लिहिणार त्या कैद्याची माहिती पण काढा, आणि यात अपराधी वाटून घेऊ नका. राइट-अ-प्रिझनर सारख्या कैद्यांशी पत्रमैत्रीच्या साइटवरचं प्रोफाइल हे त्याने स्वतःबद्दल लिहिलेलं असतं, कोर्टाने नाही. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या जेलमधला कैदी असेल तर ब्युरो ऑफ प्रिझन्स या जेल खात्याच्या साइटवरच्या लोकेटरवर नाव किंवा नंबर टाकायचा (पाच आकडे, डॅश, तीन आकडे), कुठे आहे आणि सुटका कधी ते दिसतं. बऱ्याच स्टेटच्या साइटवर गुन्हा आणि शिक्षासुद्धा दिसते. वाचून लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी ज्याला लिहिते त्याचा गुन्हा मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि तो लहान नाही. पण माहीत असून लिहिणं वेगळं आणि दोन वर्षांनी अचानक कळणं वेगळं.

अजून एक, व्हाइन नावाची सर्व्हिस आहे, ती आपल्यातल्या फार कमी लोकांना ठाऊक असते. १९९३ मध्ये केंटकीत मेरी बायरन नावाच्या मुलीला तिच्या २१व्या वाढदिवशी, जामिनावर सुटलेल्या जुन्या बॉयफ्रेंडने मारलं, तो सुटलाय हे तिला कुणी कळवलंच नव्हतं. त्यानंतर लुइव्हिलमध्ये ही सर्व्हिस सुरू झाली. बऱ्याच राज्यांत कैद्याच्या नावाने नोंदणी केली की तो सुटला किंवा दुसरीकडे हलवला की तुम्हाला फोन किंवा मेसेज येतो, फुकट, आणि तुम्ही नोंदवलंय हे त्याला कळत नाही.

पत्रात काय लिहायचं? हवामान, जेवण, पुस्तकं, तुमच्या बागेतली मेथी, काहीही, पण ते पत्र तिसरा माणूस वाचणार हे धरूनच. पेनसिल्व्हेनियाने २०१८ पासून कैद्यांची साधी पत्रं फ्लोरिडातल्या एका प्रायव्हेट कंपनीकडे पाठवायला लावली, तिथे स्कॅन होतात, माणसाच्या हातात कॉपी पडते, आणि ओरिजिनल नष्ट करतात. टेक्ससनेही पुढे स्कॅनिंग सुरू केलं. म्हणजे तुमचं अक्षर, मुलाने काढलेलं चित्र, फोटो, हे कुठल्यातरी सर्व्हरवर राहणार. फोटोत घराचा नंबर, गाडीची प्लेट, शाळेचा टीशर्ट नको, मुलं तर नकोतच. आणि त्याच्या केसबद्दल प्रश्न विचारू नका, अपील चालू असेल तर त्याचंच उत्तर त्याच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. प्रायव्हसी त्यालापण आहे, त्याच्याकडे तर ती आपल्यापेक्षा कितीतरी कमी आहे.

ईमेलसाठी नवीन अकाउंट काढा, ज्यात तुमचं नाव, जन्मसाल, कंपनी काही नाही. फेडरल जेलमध्ये कॉरलिंक्स नावाची ईमेल सर्व्हिस चालते, त्यात कैदी तुमचा ईमेल टाकतो, तुम्हाला विचारणा येते आणि स्वीकारायचं की ब्लॉक करायचं हे तुमच्या हातात असतं. फोन नंबर पहिलं वर्षभर तरी देऊ नका.

पैशाचं नीट वाचा. फेडरल जेलमध्ये साध्या कामाला तासाला १२ ते ४० सेंट मिळतात, टेक्ससमध्ये बहुतेक कामाला काहीच नाही, आणि साबण, स्टॅम्प, नूडल्स विकत घ्यायला लागतात. त्यामुळे पैसे मागणारा प्रत्येक जण फसवतोय असं नाही. पण फसवणारे आहेत आणि ते तयारीचे आहेत. लुइझियानाच्या अँगोला जेलमध्ये जन्मठेप भोगणारा कर्क्सी निक्स १९८० च्या दशकात मासिकांत खोट्या जाहिराती देऊन एकट्या पुरुषांशी प्रेमाचं नाटक करायचा, मग अडचण सांगून पैसे उकळायचा, त्याच पैशाच्या भानगडीतून १९८७ मध्ये बिलॉक्सीत एका जजचा आणि त्यांच्या बायकोचा खून झाला. आणि २०१८ मध्ये साउथ कॅरोलायनात उघड झालं की कैदी चोरून आणलेल्या मोबाइलवरून तरुण मुली बनून सैनिकांना ब्लॅकमेल करत होते, ४४२ सैनिक, साडेपाच लाख डॉलरच्या वर. हे सैनिक काही मूर्ख नव्हते हो.

माझा नियम असा की पहिले सहा महिने एक पैसा नाही. नंतर दिवाळीला आणि त्याच्या वाढदिवसाला ठरलेली छोटी रक्कम, ती पण जेलच्या अधिकृत मार्गाने त्याच्याच खात्यात. गिफ्ट कार्डचा नंबर, कॅश अ‍ॅप, "माझ्या कझिनला पाठव", "वकिलाला आजच्या आज द्यायचेत", यातलं काही आलं की नाही म्हणायचं, कारण विचारत बसायचं नाही. आणि दुसऱ्या कैद्याला निरोप पोचवणं, कुणाचं पाकीट पुढे पाठवणं, तुमच्या फोनवरून तिसऱ्याला जोडून देणं, हे करू नका, बऱ्याच जेलमध्ये नियमात बसत नाही, त्याला शिक्षा होते. व्हिसावर असाल तर पोलिस केस म्हणजे काय हे मी सांगायला नको.

हे सगळं मनात न ठेवता पहिल्याच पत्रात लिहून टाका. दुसऱ्यांदा एका बाईला लिहायला सुरुवात केली तेव्हा मी लिहिलं होतं, "मी महिन्यातून एकदा लिहीन. माझं लग्न झालंय, मला मैत्री हवी आहे. घरचा पत्ता, फोन देणार नाही, पैसे पाठवणार नाही. हे मी सगळ्यांनाच सांगते, तुम्ही काही केलंय म्हणून नाही." तिने उत्तरात लिहिलं की बरं झालं, आता मला अंदाज लावत बसायला नको.

थांबायचं असेल तर गप्प बसू नका. आत बसलेला माणूस रोज मेल वाटायच्या वेळी दाराकडे बघतो. एक शेवटचं, छोटं, स्पष्ट पत्र लिहा आणि पीओ बॉक्स पुढे काही महिने चालू ठेवा. धमकी आली किंवा नाही म्हटल्यावरही पत्रं येत राहिली तर उत्तर देऊ नका, पाकिटासकट सगळं जपून ठेवा आणि जेलच्या वॉर्डनला लेखी कळवा की या कैद्याने मला संपर्क करू नये, त्याला तशी मनाई करता येते. धमकी असेल तर पोलिसात त्याच दिवशी जा.