सल्लागारांच्या टीममध्ये ऑपरेशन्स सपोर्टचा नवा सहकारी रुजू होताना

पुण्यातील एखाद्या व्यवस्थापन सल्लागार संस्थेत आठवड्याच्या सुरुवातीला बहुतेक सल्लागार चाकण, रांजणगाव किंवा मुंबईला ग्राहकाकडे गेलेले असतात, आणि ऑफिसात उरतात ते प्रवास, करार व बिले सांभाळणारे मोजके लोक. अशा दिवशी ऑपरेशन्स सपोर्टमध्ये नवा सहकारी रुजू झाला, तर ज्यांच्यासाठी त्याला काम करायचे आहे त्यांच्यापैकी कोणीच त्याला भेटत नाही. म्हणून टीम ऑफिसात असेल असा दिवस निवडावा आणि महिनाअखेर टाळावी, कारण तेव्हा बिलांच्या घाईत शिकवायला कोणालाच उसंत नसते.

पॅन, आधार, बँक खाते, पूर्वीचा यूएएन (भविष्यनिर्वाह निधीचा कायमचा खातेदार क्रमांक) आणि पीएफचा फॉर्म ११ (आधीच्या पीएफ सदस्यत्वाचे घोषणापत्र) ही कागदपत्रे आधीच मागवून घ्यावीत. लॅपटॉप, ईमेल व सामायिक फोल्डरची परवानगी पहिल्या सकाळी तयार असावी. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समितीत कोण आहे, हेही त्याच दिवशी सांगावे.

ओळख करून देणाऱ्या ईमेलमध्ये ‘सर्व प्रकारचे सहकार्य करतील’ असे मोघम वाक्य घालू नये. तसे लिहिले की सादरीकरणाच्या स्लाइड सरळ करण्यापासून वाढदिवसाचा केक मागवण्यापर्यंत सगळे त्याच्या टेबलावर येऊन पडते. कोणते काम त्याच्याकडे आहे आणि कोणते नाही, दोन्ही स्पष्ट लिहावे. शिवाय टाइमशीट (कोणत्या कामाला किती वेळ दिला याची नोंद) अपुरी असेल किंवा खर्चाची पावती नसेल तर कागद परत पाठवण्याचा अधिकार त्याला आहे, हे टीमच्या प्रमुखाने सर्वांसमोर सांगावे. ज्येष्ठ सल्लागाराला ‘नाही’ म्हणण्याची मुभा नसलेला माणूस कितीही हुशार असला तरी या कामात निष्प्रभ ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

कामाची माहिती देताना शंभर पानांच्या पुस्तिकेपेक्षा एक जुने बिल पूर्ण उलगडून दाखवणे अधिक उपयोगी पडते. त्यावरचा पीओ क्रमांक, म्हणजे ग्राहकाच्या खरेदी ऑर्डरचा क्रमांक, कुठून आला, दर करारातील कोणत्या कलमाप्रमाणे लावला, दिवस कोणत्या टाइमशीटमधून घेतले, हे क्रमाने दाखवावे आणि मग ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकावर थांबावे. त्यातील पहिले दोन अंक राज्य सांगतात. महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. सल्लागार सेवेवर कर १८ टक्के, पण आपली संस्था महाराष्ट्रातील असताना ग्राहकाची नोंदणीही येथीलच असेल तर तो केंद्राचा सीजीएसटी व राज्याचा एसजीएसटी असा ९-९ टक्के विभागला जातो, आणि बेंगळुरूची असेल तर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरचा जीएसटी, लागतो. काम चाकणच्या कारखान्यात झाले, पण करार व ऑर्डर बेंगळुरूच्या मुख्य कार्यालयाची असेल, तर नवखा माणूस हमखास २७ चा क्रमांक टाकतो. मग ग्राहकाला इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेण्यात अडचण येते, त्यांचा लेखा विभाग बिल परत पाठवतो आणि पैसे अडकतात. हा एक प्रसंग नीट समजला की बिल पाठवण्यापूर्वी ऑर्डर का वाचायची, हे पुन्हा सांगावे लागत नाही.

दैनंदिन शंकांसाठी वरिष्ठाव्यतिरिक्त एक सोबती नेमावा. सल्लागारांत एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारण्याची पद्धत असते. जुन्या वळणाच्या कंपनीतून आलेला सहकारी काही दिवस ‘सर’, ‘मॅडम’ म्हणत राहिला तर त्याला हसू नये, ते आपोआप सुटते. पहिले स्वतंत्र काम छोटे पण संपूर्ण असावे, उदाहरणार्थ एका सल्लागाराच्या दौऱ्याचे तिकीट काढण्यापासून खर्चाचा हिशेब मिटवण्यापर्यंत सगळे.

महिन्याभराने अर्धा तास निवांत बसून, कोणती पायरी निरर्थक वाटते, असे त्याला विचारावे. बाहेरून आलेल्या नजरेला जे खटकते ते आपल्या अंगवळणी पडलेले असते. त्याने सांगितलेल्यांपैकी निदान एक गोष्ट, मग ती प्रवासाच्या मंजुरीवर लागणारी दुसरी सही का असेना, त्याच आठवड्यात बदलावी.